वा उस्ताद!

हे लिहिणारच नव्हतो. सलूनवाल्याने वाचलं तर माझी दाढी कोण करणार? पण राहवेना.

त्याला कटिंग करताना गायची भारी हौस. त्याने सूर लावला की गिऱ्हाईकं अर्ध्या दाढीनिशी पळायची. एकटे घड्याळवाले काका तेवढे जागचे हलायचे नाहीत. त्याचे जुने दोस्त, पण ठार बहिरे. आरशात त्याचा रंगलेला चेहरा बघायचे आणि मनापासून म्हणायचे, "वा उस्ताद!"

मग काकांचं ऑपरेशन झालं. कानामागच्या हाडात स्क्रू बसवला आणि त्यावर बटणासारखं खटकन बसणारं ऐकायचं यंत्र. डॉक्टरांनी विचारलं, "समाधानी आहात ना?"

"शंभर टक्के!" म्हणत काका थेट सलूनमध्ये.

सलूनवाल्याचे डोळेच भरून आले. "आज खरं ऐकशील, लेका!" त्याने डोळे मिटून अख्खं गाणं म्हटलं. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

"बोल, कसं झालं?" त्याने विचारलं.



काकांनी हळूच यंत्र काढून खिशात टाकलं. "यात केस जातील रे! पण शब्द देतो, मरेपर्यंत कटिंग तुझ्याकडेच, आणि गाण्याशिवाय मी खुर्चीत बसणार नाही, उस्ताद!"