पहिलं कोण

स्पीकरमधून पुन्हा तीच खरखर आली. पत्र्यावर वाळू ओतावी तशी. कुंदाबाईने कान स्पीकरजवळ नेला.

"फ्लॉपी चांगली आहे अक्का," अभिमन म्हणाला. "सगळी वाचली जातेय. पण बोलणं काही ऐकू येत नाही."

अभिमनच्या जळगावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती यावलहून सकाळच्या एसटीने आली होती, ती या फ्लॉपीसाठी. तिच्यात दीड मिनिटाची आई होती. पुण्याचे एक प्राध्यापक बोली गोळा करत भडगावकडे फिरले, तेव्हा त्यांनी तिच्या आईला, मंजुळाबाईला, बोलतं केलं होतं. ती वारल्याचं कळल्यावर भल्या माणसाने लेकीला तेवढं पाठवलं. मूळ टेपवर तोवर दुसऱ्याच कुणाचं बोलणं भरून झालं होतं. म्हणजे होतं ते एवढंच.

कुंदाने आपल्या मनाने लग्न केलं, त्या दिवसापासून मायलेकींचा अबोला होता. आई बोलावील तेव्हाच उंबरा चढेन, असं ती म्हणाली आणि शब्दाला जागली. हट्टाच्या बाबतीत लेक आईच्या वरताण. बोलावणं आलं ते मयताचं. भाऊ लोटनने दारातच ऐकवलं, "आते उनी तू? मायनी मरेपावत तुनं नाव लिधं नही." तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आई खरंच एवढी रागावून गेली का, हे तिला आईच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"बंद करा भाऊ," ती म्हणाली. "माय अजून बी रुसेल शे."

अभिमनचा हात बटणापर्यंत गेला आणि थबकला. खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं. त्याने फ्लॉपीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली.

"हे त्यांच्याकडच्या मोठ्या मशीनवर भरलंय. आवाजाचा प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत ठेवतात, अक्का. तिकडे मोठा तुकडा पहिला, आमच्याकडे धाकटा पहिला. हरवलं काहीच नाही. पहिलं कोण, एवढाच घोळ आहे."

त्याने काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि शेवटी ‘स्वॅब’ जोडलं. जोडीतल्या तुकड्यांची अदलाबदल करायचा तो हुकूम. मूळ फाइल तशीच ठेवून त्याने नवी केली. एंटर दाबलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं.

"लावू?"

कुंदाबाईने मान हलवली.

आधी कोंबडी कॉकॉ करून गेली. माहेरच्या अंगणातली असणार, तिला वाटलं. मग प्राध्यापकांचा आवाज आला, "मावशी, ‘सगळं’ला तुमच्यात काय म्हणतात?"

"बठ्ठं."

तोच तुटक आवाज. कुंदाबाईने टेबलाची कड घट्ट धरली.

"ते घालून एखादं वाक्य सांगा ना."

उत्तर येईना. आता नुसती शांतता होती, खरखरसुद्धा नाही. संपलं, असं कुंदाबाईला वाटलं. अभिमनने बोटाने खूण केली, अजून आहे.

"कुंदा पहिले उनी ना," मंजुळाबाई म्हणाली, "ते मी बठ्ठं इसरी जासू."