बारावी खुर्ची

पवित्र गुरुवारच्या मिस्साला, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळच्या उपासनेला, फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले होते तसे. नम्रता म्हणजे काय, ते लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. रत्नागिरीच्या त्या चर्चमध्ये हे बारा जण कमिटी निवडायची, आणि निवडलेली मंडळी घरूनच साबणानं पाय घासून, नवे मोजे चढवून यायची.

यंदा बाराव्याची गाडी हातखंब्याला अडकली. खुर्ची रिकामी राहिली. दिवसभर जेटीवर कोळंबी सोलून तशीच मिस्साला आलेली फिलोमिना मागच्या बाकावरून उठली आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली. टाचांच्या भेगांत चिखल, अंगाला मासळीचा वास.

शेजारच्या खुर्चीतले कमिटीतले डायस मास्तर दचकले. "अगो, तुला कोणी बोलावलं? ऊठ!"

"उठायची नाय."

सगळे बघतायत म्हटल्यावर मास्तरांनी आवाज खाली आणला. "बरं, बस. पण आधी नळावर जाऊन पाय तरी धुवून ये."

फिलोमिनानं पाय आणखी पुढे केले. "मीच धुवून आले, तर फादरनी काय धुवायचं ओ, मास्तर?"

ती मुद्दामच मोठ्यानं बोलली. सगळ्या चर्चनं ऐकलं.

फादरनी यंदा तिच्यापासूनच सुरुवात केली. तिचे पाय घंगाळात घेऊन एकेक भेग अंगठ्यानं चोळून धुतली. पाणी पार गढूळ झालं. ते घंगाळ तसंच सरकवत फादर शेजारच्या खुर्चीपुढे आले आणि गुडघे टेकून म्हणाले, "मोजे काढा, मास्तर."