अकरावं प्रकरण

"हे वाक्य पुन्हा घेते," कपाटातून बायकोचा आवाज आला.

कादंबरीकार पलंगावर हेडफोन लावून बसला होता. रस्त्यावरची वाहनं ऐकू येऊ नयेत म्हणून त्यानं कपाटातले कपडे काढून आत तीन जाड रजया टांगल्या होत्या. मध्ये स्टूल, स्टुलावर बायको, तिच्या एका हातात पुस्तक आणि समोर मोबाइल. ती अजिबात अडखळली नव्हती. तरी तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं. "त्यानं पाकीट खिशात सरकवलं आणि बायकोला सांगितलं, काही नाही आलं."

मग तिसऱ्यांदा वाचलं. कादंबरीकार पलंगावरून अर्धा उठला.

वाचक मिळावेत म्हणून या माणसानं काय काय केलं नव्हतं! कॉलेजांत फुकट भाषणं दिली. वाचनालयाच्या दारात टेबल टाकून पुस्तकं मांडली, तर लोकांनी त्याला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. स्वतःचे व्हिडिओ टाकले. ते भाचीनं बंद पाडले. "मामा, तू हरवलेल्या माणसांच्या जाहिरातीतला वाटतोस," म्हणाली. तिनंच त्याला सांगितलं की हल्ली लोक पुस्तकं ऐकतात. अशी पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीनं नमुन्याचं एक प्रकरण मागवलं आणि भरायला एक फॉर्म पाठवला. त्याचा स्वतःचा आवाज कायम तक्रार नोंदवायला आल्यासारखा. बायको मात्र बालवाडीत शिकवायची आणि तिनं तोंड उघडलं की रडकी पोरंसुद्धा गप्प बसायची. तिनं त्याची एकही कादंबरी वाचली नव्हती. "अख्खा माणूस घरात असताना पुस्तक कशाला हवं?" असं ती हसून म्हणायची.

नमुन्यासाठी त्यानं अकरावं प्रकरण निवडलं, कारण समीक्षकांनी त्याचीच तोंड भरून स्तुती केली होती. त्यात एक कारकून बायकोला आलेलं नोकरीचं पत्र लपवतो. काय ही कल्पनाशक्ती, असं एकानं लिहिलं होतं.

कल्पनाशक्ती कसली डोंबलाची! तेवीस वर्षांपूर्वी त्याची बायको रेडिओ केंद्राच्या आवाज चाचणीला बसली होती. केंद्र दुसऱ्या शहरात. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा ती घरात नव्हती. तो पहिली कादंबरी लिहीत होता आणि ती गेली तर घर कोण बघणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. पत्र त्यानं दुसऱ्या दिवशी फाडलं. ती दोन महिने टपालपेटी उघडून बघत राहिली. मग "नसेल आवडला त्यांना," असं म्हणून बालवाडीत जायला लागली. त्याला फार वाईट वाटलं. लेखकाला वाईट वाटलं की तो माफी मागत नाही, प्रकरण लिहितो. त्यानंही लिहिलं. पुढे इतकी वर्षं कौतुक ऐकून ऐकून, ते खरंच घडलं होतं हेच तो विसरून गेला होता.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं.

कपाटाचं दार उघडलं. ती घामानं निथळत होती. "काही नाही. घसा कोरडा पडला होता." ती पाणी प्यायली, मग तिनं दार लावून घेतलं आणि उरलेलं प्रकरण एका दमात वाचून काढलं. एकही चूक नाही. त्याच्या जिवात जीव आला. तिच्या दृष्टीनं ती एक गोष्ट होती, गोष्टीतला नवरा कारकून होता आणि पत्र बँकेचं होतं.

दहा दिवसांनी कंपनीची मेल आली. कादंबरी आमच्या श्रोत्यांना जड जाईल, क्षमस्व. मात्र वाचणाऱ्या बाईंचा आवाज विलक्षण आहे. आमच्या वर्षभराच्या पुस्तकांसाठी आम्हाला त्या हव्या आहेत. त्यासाठी त्यांना आमच्या शहरात येऊन राहावं लागेल.

त्याला आधी काही समजेचना. त्यानं मेल पुन्हा वाचली आणि संतापानं त्याचे कान तापले. शब्द त्याचे आणि निवड हिची! त्यानं उत्तर लिहायला घेतलं. आवाज हवा असेल तर कादंबरीही घ्यावी लागेल. ते खोडलं. मग लिहिलं, घरच्या अडचणींमुळे त्यांना येणं शक्य नाही. स्वतःच्याच बोटांची त्याला भीती वाटली. पण हे वाक्य त्यानं खोडलं नाही.

तेवढ्यात दाराशी किल्ली वाजली. बायको बालवाडीतून आली, खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवून तिनं चपला काढल्या.

"अहो, कंपनीचं काही आलं का?"

त्यानं मोबाइल पालथा ठेवला. "काही नाही आलं."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याचे त्यालाच ऐकू आले. तेच तीन शब्द. तेवीस वर्षांपूर्वीही हेच, असेच, तिच्याकडे न बघता.

ती रागावली नाही. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. कितीतरी दिवसांनी ती इतक्या निवांतपणे बसली होती.

"मला आलं," ती म्हणाली. "सकाळी, पोरं डबे खात होती तेव्हा. मी हो म्हणून कळवलंसुद्धा."

"तुला? तुला कसं आलं?"

"कंपनीचा फॉर्म मला भरायला सांगितला होतात ना? अकरावं प्रकरण वाचून उठले, आणि तुमच्या मेलच्या पत्त्याखाली माझाही पत्ता घातला."