हिरवा दिवा

दवाखान्यातल्या यंत्राने मुकुंदबुवांचं बोट चौथ्यांदा टोचलं आणि पुन्हा हिरवा दिवा लावला. "यकृताची एन्झाइम्स सामान्य. आपण निरोगी आहात."

"अरे मेल्या, हेपेटायटिस सी आहे त्यांना! यकृत दगड झालंय, स्कॅन बघ की!" बुवांच्या पत्नी मालतीबाई यंत्रावर ओरडल्या. पण औषधाचं कपाट लाल दिव्यावरच उघडायचं, आणि दाद मागायला हाडामांसाचा डॉक्टर उरलाच नव्हता.

बुवांना आता कीर्तनात तासभरही उभं राहवत नव्हतं.

रांगेतला धोंडिबा कुजबुजला, "बुवा, आठवडाभर दारू घ्या. आकडे वाढतील."

"चाळीस वर्षं कीर्तनातून लोकांची दारू सोडवली रे मी."

"माझीपण," धोंडिबा ओशाळला. "नाहीतर आज लाल दिव्यासाठी माझंच बोट पुढं केलं असतं."