वाटेतल्या पिशव्या

नाशकात द्वारकेच्या चौकात यात्रेची बस ट्रकांच्या रांगेत अडकली आणि शेवटच्या सीटवरून नवसाबाई उठल्या.

"मॅनेजर, मला इथंच उतरायचंय."

खंडेराव दाराशी उभे होते. यात्रा कंपनीत त्यांना मॅनेजर म्हणत, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती. "मावशी, उतरायचं ते रामकुंडावर. सगळ्यांनी, सीट नंबरप्रमाणे. जालन्यातच सांगितलंय."

"लेक दिलीय माझी इथं, भद्रकालीत. घटकाभर भेटते नि येते रामकुंडावर."

"कार्यक्रमात लेक नाही, मावशी."

कार्यक्रमात लेक नव्हती हे खरंच होतं. नवसाबाईंच्या कार्यक्रमात मात्र लेकीशिवाय काही नव्हतं. दिवाळीपासून व्याह्यांनी येणंजाणं तोडलं होतं. पोरीचा सख्खा मामा दारातून परत आला होता. पण यात्रेकरूला दारातून परत लावायची छाती अजून कुठल्या विहिणीची झालेली नाही, म्हणून नवसाबाई यात्रेला निघाल्या होत्या. पोरीला एकटीला गाठायचं आणि एकच विचारायचं, बरी आहेस ना?

त्या निघाल्या, पण निघायला वाट नव्हती. आपण आधी उतरावं म्हणून सिन्नर सोडल्यापासूनच प्रत्येकानं आपलं सामान दोन सीटांच्या मधल्या वाटेत आणून ठेवलं होतं. त्यामुळे आता कुणालाच उतरता येत नव्हतं. नवसाबाई लुगडं सावरत पिशव्यांमधून पाय टाकू लागल्या.

"अहो, डबा आहे त्यात!"

"देव आहेत त्यात, देव! पाय काय लावताय?"

पाय उचला असं सगळे म्हणत होते. पिशवी कुणी उचलत नव्हतं.

"ही बाई इथंच का उतरतीय?" पुढच्या सीटवरच्या चिमणाबाईंनी विचारलं.

"जवळची वाट ठाऊक असणार," शेजारचे पुंजाराम मास्तर म्हणाले. ते निवृत्त होते, त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. "आपण पोचेपर्यंत हिची आंघोळ, दर्शन, भांडी बाजार, सगळं उरकलेलं असेल. मी तर कायम सांगतो, गाव बघावं तर आपलं आपण, स्वतंत्र."

चिमणाबाईंना तांब्याचं घंगाळ घ्यायचं होतं. त्या उतरल्या. मास्तर उतरले. पाठोपाठ आणखी दहाबारा स्वतंत्र माणसं उतरली. खंडेरावांनी शिट्टी फुंकली, ती ट्रकांच्या हॉर्नमध्ये विरून गेली.

नवसाबाई झपाझप चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी मागं वळून पाहिलं तर अर्धी बस मागं.

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुमच्याच मागं. थांबू नका, गर्दी व्हायच्या आत पोचू."

"अहो, मी लेकीकडं चाललेय!"

"असू द्या की," मास्तर म्हणाले. "तिकडूनच पुढं जाऊ."

विहिणीनं दार उघडलं. एक यात्रेकरू आली असती तर तिला कसं बोलायचं ते तिनं ठरवलंही असेल; एवढ्या सगळ्यांना तिनं मुकाट्यानं हात जोडले. "सुला, चहा टाक."

खोली एवढीशी. स्वतंत्र यात्रेकरू भिंतीला पाठ लावून दाटीवाटीनं बसले. नवसाबाई स्टोव्हकडे सरकायला लागल्या, तेवढ्यात विहीणच तिथं जाऊन बसली.

सुला डाव्या हातानं कप देत होती. उजव्या हातावर पदर होता. मास्तरांपुढे वाकताना तो घसरला. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा होता.

"काय झालं गं पोरी हाताला?" चिमणाबाईंनी विचारलं.

"मोरीत पडली," सासू म्हणाली.

सगळ्यांनी मोरीकडे पाहिलं. मोरी परातीएवढी होती. तिच्यात पडायचं तर फार बेतानं पडावं लागलं असतं.

नवसाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. विचारायचं ते आता विचारण्यासारखं राहिलं नव्हतं.

चिमणाबाईंनी चहा संपवला. "विहीणबाई, रामकुंडाची वाट आमच्यात कुणाला ठाऊक नाही. पोरीला जरा संगं द्या. यात्रेकरूला वाट दाखवली की मोठं पुण्य असतंय."

"हिचा नवरा, चंदर, येऊ दे कामावरून. तो दाखवील."

"तवर बस निघून जाईल. आन् आंघोळ चुकली तर पाप कुणाला लागतं, ओ मास्तर?"

"वाट न दाखवणाऱ्याला," मास्तर म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी इतक्या चटकन उत्तर दिलं नव्हतं.

सुलानं चपला घातल्या. बाकी काही घेतलं नाही. भांडी बाजारावरून जाताना चिमणाबाईंनी घंगाळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

रामकुंडाशी बस सुरूच होती. बाकीचे आंघोळी उरकून बसले होते.

"आता त्र्यंबकला उशीर झाला तर मला बोलायचं नाही!" खंडेराव ओरडले. "चढा पटापट. पोचवायला आलेल्यांनी खाली राहायचं."

सगळे चढले. नवसाबाई पायरीपाशीच थांबल्या. त्यांनी लेकीचा डावा हात धरला होता, तो सोडला नाही. सुलानं एक पाय पायरीवर ठेवला आणि आत पाहिलं. दारापासून थेट शेवटच्या सीटपर्यंत पिशव्या, वळकट्या, ओल्या धोतरांचे बोळे.

"मावशी, एका सीटवर एकच माणूस," खंडेराव म्हणाले.

चिमणाबाईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मास्तरांनी वळकटी घेतली. मग डबा उचलला गेला, मग देव. जे द्वारकेला उतरलेच नव्हते त्यांनीही, कशासाठी ते न विचारता, आपापलं सामान पोटाशी धरलं. वाट मागपर्यंत मोकळी झाली.

खंडेरावांनी शिट्टी तोंडात धरली, पुन्हा खिशात टाकली आणि दारावर दोन थापा मारल्या.