बुवाची झोप

सलग चौथ्या दिवशीही बुवाने डोळे उघडले नाहीत, तेव्हा ईशानीची खात्री पटली, की तो मरणार आणि तेही आपल्यामुळे.

बुवा म्हणजे शार्दूलचा सरडा. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातली जात, हातभर लांब, हनुवटीखाली काट्याकाट्यांची दाढी. म्हणून बुवा. बँकेतल्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि जाताना त्याने तो शार्दूलकडे सोपवला. नागपूरहून काशीला येऊन ईशानी-शार्दूलला वर्षही झालं नव्हतं. रामघाटाच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गच्ची.

शार्दूलने आयुष्यात कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. पण बुवा आला आणि तो परीक्षेला बसल्यासारखा अभ्यासाला लागला. काचेच्या पेटीत एका टोकाला दिव्याखाली चाळीस अंश, दुसऱ्या टोकाला गारवा. तळाला वाळू नको, पोटात जाते. रातकिडे द्यायचे ते कॅल्शियमची पूड लावून. बुवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे. दर रविवारी वजन, वहीत नोंद.

ईशानीला त्या प्राण्याची किळस वाटे, आणि खोलीला येणाऱ्या वासाचीही. सोमवारी शार्दूल बँकेत गेल्यावर तिने खिडकी सताड उघडली, पेटीवरचा दिवा बंद केला आणि पुन्हा लावायचं विसरली. बाहेर जानेवारीतलं धुकं. संध्याकाळी बुवा लाकडाच्या ढलपीआड जाऊन बसला, तो बसलाच.

"दिवा बंद होता का गं दिवसभर?" शार्दूलने विचारलं होतं.

"नाही," ती म्हणाली होती.

बुधवारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि वीज गेली ती आलीच नाही. शार्दूलने ती रात्र पेटीभोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावण्यात काढली. सकाळी दोघांचेही मोबाइल बंद पडले होते. बुवा काळपट पडला होता. शार्दूलने बोटाने त्याची शेपटी हलवून पाहिली, मग हात धुऊन आला. ते हात धुणं ईशानीच्याने बघवेना.

ती खाली घरमालकीणबाईंकडे गेली. "अन्नपूर्णाकाकू, तुमची बोरसी मिळेल का? बुवाला ऊब द्यायचीय."

काकूंनी दारात धगधगणाऱ्या मातीच्या शेगडीकडे पाहिलं. "आम्ही तर ही दारातच ठेवून शेकतो. पण ने हो. कोळसे आणखी घालू?"

"घाला."

तिने बोरसी पेटीजवळ ठेवली. खिडकीच्या फटींतून गार वारा येत होता. जुनी साडी फाडून तिने फटीफटींत चिंध्या कोंबल्या. शार्दूल तिच्याकडे बघत राहिला.

"तू त्याच्यासाठी एवढं करशील असं वाटलं नव्हतं."

तिला त्याच्या नजरेला नजर देता येईना. "तू पड आता. डोळे बघ कसे झालेत."

"डोकं जड झालंय गं."

"जागरणाने. माझंही दुखतंय. मी पलीकडे दूधविनायक मोहल्ल्यात जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन येते."

तिने त्याच्या अंगावर रजई घातली. ऊब जाऊ नये म्हणून बाहेरून दार घट्ट ओढून घेतलं.

डॉक्टर गोपीनाथ घरी नव्हते, कुणाची तरी गाय अडली होती. ईशानी त्यांच्या ओट्यावर दोन तास बसून राहिली. ते आले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि समोरचं घरही धुक्यात दिसत नव्हतं. गल्लीतून चालताना तिने त्यांना सगळं सांगून टाकलं. खिडकी, दिवा, खोटं बोललेलं.

"इथे गच्चीवर उजेडात आणा त्याला," वर आल्यावर ते म्हणाले.

ती पाय न वाजवता आत गेली. शार्दूल पेटीकडे तोंड करून झोपला होता. गालांवर लाली आली होती. किती दिवसांनी इतका गाढ झोपलाय, तिला वाटलं. बुवाला टॉवेलात गुंडाळून ती बाहेर आली आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

डॉक्टरांनी बुवाच्या छातीला नळी लावली. बराच वेळ गेला. त्यांच्या कपाळावरची आठी हलेना.

"गेला ना?" ईशानीने विचारलं.

"नाही हो. झोपलाय."

"काय?"

"थंडीत ही जात अशीच झोपते, हप्तेच्या हप्ते. हृदय मंद, श्वास अगदी नावाला. खाणं बंद. वजन किती आहे?"

"चारशे आठ. महिन्यापूर्वी चारशे बारा होतं."

"मग चिंतेची बातच नाही. ऊब देऊन उठवायचं नाही आणि बळेबळे खायला घालायचं नाही. पोटातलं सडतं. पाणी ठेवा, वजन बघत राहा. आपोआप उठेल."

"आणि तो दिवा?"

"एका दिवसाने काय होतंय? नवी माणसं घाबरतातच." डॉक्टर पहिल्यांदा हसले. "तुमच्या हातून काहीच चुकलेलं नाही, ताई."

चार दिवस अडवून धरलेलं रडं तिला तिथेच फुटलं. आता शार्दूलला सगळं सांगता येईल. दिव्याचंही. बुवाला छातीशी धरून तिने दार ढकललं.

"शार्दूल, ऊठ! अरे, तो नुसता झोपलाय!"

तिने त्याचा खांदा हलवला. "ऐक ना, दिवा मीच बंद केला होता. रागव हवं तर. पण ऊठ."

डॉक्टर तिच्या मागोमाग उंबऱ्याशी आले आणि पेटीजवळची बोरसी पाहून थबकले. मग ते धावतच खिडकीशी गेले आणि चिंध्यांसकट ती ढकलून उघडली. वाकून त्यांनी शार्दूलच्या मानेवर दोन बोटं टेकली आणि बराच वेळ उचलली नाहीत.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही खाली काकूंजवळ जाऊन बसा."