हसरी छत्री

"जेवढी दोरी आहे तेवढी सगळी सोडा, काका," व्हर्लीन म्हणाली. "डोंगरापलीकडचं दिसलं पाहिजे मला."

एल्रॉयकाकाने तिच्या कमरेचा पट्टा ओढून पाहिला. बोटीच्या मागे पाहुण्यांना दोरीवर आकाशात उडवणारी पिवळी छत्री वाऱ्यानं फुगत होती आणि तिच्यावर हे एवढं मोठं हसणारं तोंड रंगवलेलं. अख्ख्या बेटावर असली छत्री एकच.

"सोडीन गं. पण पलीकडे तुझ्या आईची शवपेटी आत्ता चर्चमधून निघेल. आपली रीत तुला सांगायला नको. पेटी निघाली की जवळपासच्या समुद्रात एकसुद्धा इंजिन वाजता कामा नये. वाजलं, तर बायका गाणं थांबवतात आणि खांदेकरी जागचे हलत नाहीत."

"ठाऊक आहे."

"आणि इंजिन बंद केलं की तू पाण्यात."

"मग करू नका ना बंद!" ती ओरडलीच. मग आवाज खाली आणत म्हणाली, "माझं जहाज आज बंदराला लागणार म्हणून डेस्मंडनं आईला इतके दिवस शवागारात ठेवलं. आणि आज सकाळी जहाजावरचा तो मेला मुकादम म्हणतो, रजाबिजा काही नाही, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काय भटकायचं ते भटक. बस सगळ्या डोंगराला वळसा घालून जाते, काका. तिकडे गेले की जहाज चुकलं. जहाज चुकलं की नोकरी गेली, आणि त्या नोकरीवर सगळं घर जेवतं."

"डेस्मंडला कळवलंस?"

"फोन केला. म्हणाला, बेटावर येऊन सख्ख्या आईला माती द्यायला येत नाहीस, तर मला बहीण नाही. आणि ठेवलाच फोन."

काकाने तिचा पट्टा आणखी आवळला. बाकावर बसलेला, उन्हानं लालबुंद झालेला एक म्हातारा प्रवासी मघापासून तिच्याकडे टक लावून बघत होता. त्यानं बायकोला ढोसलं. "अगं, ही तर आपल्याला नाश्ता वाढते ती पोरगी! मजा आहे बुवा. ए, हस की जरा, फोटो काढतो."

व्हर्लीन हसली. सवयच होती तिला.

मग दोरी सुटू लागली आणि पाय फळीवरून उचलले गेले. बोट लहान झाली, पांढरं जहाज लहान झालं, डोंगराची सोंड हळूहळू खाली बसली. आणि तिच्या मागून आधी चर्चचं पत्र्याचं छप्पर वर आलं, मग दफनभूमीकडे चढत जाणारी लाल वाट. वाटेवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती. मधोमध पेटी. सगळ्यांच्या पुढे तो उंच माणूस, म्हणजे डेस्मंडच. एवढ्या लांबूनही चाल ओळखू आली.

"आई," ती म्हणाली. वर ऐकायला कोणी नव्हतं.

पलीकडच्या खाडीत मासेमारीच्या होड्या जिथल्या तिथे थांबल्या होत्या. आणि मग वाटेवरची माणसंही थांबली.

तिला वाटलं, खांदा बदलत असतील. पण खांदा बदलायला इतका वेळ लागत नाही. माणसं एकेक करून वळली आणि समुद्राकडे बघायला लागली. तिच्याकडे. पायांखाली काकाच्या बोटीचं इंजिन घरघरत होतं, साऱ्या समुद्रात तेवढं एकच.

"डेस्मंड!" ती जीव खाऊन ओरडली. "अरे, मी आहे! मी आलेय!" दोन्ही हात हलवले, पाय झाडले. पण छत्रीखाली लटकलेला प्रत्येक पाहुणा असेच हात हलवतो आणि असेच पाय झाडतो. तिकडून दिसत होतं ते खदखदा हसणारं पिवळं तोंड.

उंच माणसानं मूठ उगारली.

तिनं खाली पाहिलं. काकाने टोपी काढून छातीशी धरली होती आणि तो तिच्याकडेच बघत होता. उद्या गावात त्याला कोणी दारात उभं करणार नव्हतं, तरी त्यानं इंजिन चालू ठेवलं होतं.

थोडंच, तिनं स्वतःला सांगितलं. त्या वळणापर्यंत आईला जाऊ दे, मग झालं. पण आई जातच नव्हती. ही इथून बघत राहील तोवर ती तिथे भर उन्हात वाटेवर ताटकळणार होती. आणि आईला ऊन अजिबात सोसायचं नाही.

व्हर्लीननं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. उतरायची खूण.

काकाने मान फिरवली, जणू दिसलंच नाही. तिनं पुन्हा केली. हुंदके देत, हात तसेच धरून ठेवले.

इंजिन बंद झालं.

छत्री सावकाश खाली येऊ लागली. डोंगराची सोंड वर सरकली आणि तिनं आधी वाट गिळली, मग चर्चचं छप्पर. व्हर्लीननं मान लांब करकरून पाहिलं. पेटी हलली की नाही ते दिसलंच नाही. मग गळ्यापर्यंत गार पाणी, आणि शेजारी लाटांवर पसरलेलं ते हसरं तोंड.

"काय झालं? इंजिन बिघडलं का?" म्हातारा विचारत होता.

"गप्प बसा हो जरा," काका म्हणाला.

काहीच वाजत नव्हतं. पाणी तेवढं बोटीच्या कडेला चुबुकचुबुक करत होतं. आणि मग डोंगराच्या पलीकडून, अगदी बारीक, बायकांचा आवाज आला. त्यात पुरुषांचे आवाज मिसळले. गाणं चालायला लागलं होतं.

काकाने वाकून हात पुढे केला. "ये पोरी, वर ये आता. तुझं जहाज सुटेल."

तिनं दोरी घट्ट धरली. हात दिला नाही.

"थांबा, काका. आई अजून चढावर आहे."